सेप्टिक टाकी भरली म्हणजे नक्की काय झालं?

"टाकी भरली वाटतं, गाडी बोलवा." संडासातलं पाणी जरा हळू उतरायला लागलं की घरात कुणीतरी हे वाक्य बोलतंच. मग गाडी येते, उपसा होतो, दोन-तीन महिने बरं चालतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. आमच्याकडे असं दोनदा झालं आणि तिसऱ्या वेळी मी म्हटलं थांबा जरा, एवढी मोठी टाकी, आपण माणसं पाच, ती दर तीन महिन्यांनी भरतेच कशी? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. वापर सुरू केला की काही दिवसांत ती बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या पातळीपर्यंत भरते आणि त्यानंतर तुम्ही इकडून एक बादली ओतली की तिकडून एक बादली बाहेर पडते, आयुष्यभर हेच चालू. त्यामुळे "टाकी भरली का" या प्रश्नाचं उत्तर नेहमीच हो असतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

विचारायचं ते असं की टाकीत गाळ किती साठलाय, आणि टाकीतून बाहेर पडलेलं पाणी पुढे जिरतंय का. बाकीची सगळी देखभाल या दोन गोष्टींभोवती फिरते.

आधी आत काय चालतं ते बघू. घरातून येणारं सगळं पाणी, संडासाचं, बाथरूमचं, मोरीचं, एका पाईपातून टाकीत येतं. पाईपात ते जोरात वाहत होतं, टाकीत आल्यावर त्याला एकदम मोकळी जागा मिळते आणि ते थबकतं. थबकलं की जड ते खाली बसतं, त्याचा गाळ होतो. हलकं ते वर येतं, तेल, चरबी, साबणाचा फेस, कागद, त्याची वर एक जाड साय धरते. आणि या दोघांच्या मधे जे पाणी राहतं ते गढूळ असतं, वास मारतं, जंतूंनी भरलेलं असतं, पण त्यात जाड काही नसतं. बाहेर जाणारा पाईप या मधल्या थरातूनच पाणी उचलतो. त्याला एक टी जोडलेला असतो, इंग्रजी टी अक्षरासारखा, त्याचा एक पाय साईच्या खाली पाण्यात बुडालेला असतो म्हणजे साय बाहेर जाऊ शकत नाही. येणाऱ्या पाईपालाही असाच टी असतो किंवा समोर आडवी भिंत असते, म्हणजे आलेलं पाणी सरळ पलीकडे धावत जाणार नाही. हा टी म्हणजे एक किरकोळ प्लास्टिकचा तुकडा, पण अख्ख्या सिस्टीमचा जीव त्यात आहे, त्याच्याकडे परत येऊ.

खाली बसलेल्या गाळावर असे जंतू काम करतात ज्यांना हवा लागत नाही. ते गाळ कुजवतात, त्यातला बराच भाग पाण्यात विरघळतो किंवा वायू होऊन उडून जातो. सेप्टिक हा शब्दच मुळी कुजण्यावरून आलाय, ग्रीकमधून. गंमत म्हणजे हे यंत्र कुणी बसून डिझाईन केलं असं फारसं वाटत नाही. फ्रान्समधल्या झाँ-लुई मुरास नावाच्या माणसाने १८६० च्या सुमारास घराबाहेर एक बंद टाकी बांधली, बऱ्याच वर्षांनी उघडून बघितली तर अपेक्षेपेक्षा फारच कमी घाण उरली होती असं सांगतात, मग १८८१ मधे त्याने पेटंट घेतलं. सेप्टिक टँक हे नाव दिलं ते इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी, १८९५ च्या आसपास. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला, आणि आत अजून तेच चालतं, ना मोटर ना वायर.

पण जंतू सगळं खात नाहीत. वाळू, माती, कपड्यांचे धागे, केस, प्लास्टिक, आणि काही न कुजणारा भाग उरतोच, तो वर्षानुवर्षं साठत जातो. आणि इथे हिशोब सुरू होतो. समजा तुमच्या टाकीत पाण्याचा भाग २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल आहे, म्हणजे २,००० लिटर. घरात ५ माणसं, दिवसाला मिळून साधारण ६५० लिटर पाणी टाकीत जातं असं धरू. म्हणजे आलेलं पाणी सरासरी ३ दिवस टाकीत थांबतं. नीट निवळायला साधारण १ ते २ दिवस लागतात, म्हणजे मस्त चाललंय. आता माणशी वर्षाला ४० लिटर गाळ धरला, हा आकडा घरागणिक बराच बदलतो पण हिशोबाला बरा आहे, तर पाच जणांचा वर्षाला २०० लिटर. साडेतीन वर्षांत ७०० लिटर, म्हणजे टाकीचा तिसरा हिस्सा गेला. पाण्याला उरले १,३०० लिटर, म्हणजे थांबायला बरोब्बर २ दिवस. अजून चालेल. पण असंच सात वर्षं सोडलं तर पाण्याला जागा उरते ६०० लिटर, म्हणजे एक दिवससुद्धा नाही, आणि ज्या दिवशी कपडे, आंघोळी, पाहुणे सगळं एकत्र येतं त्या दिवशी पाणी टाकीत शिरून गाळ ढवळत सरळ बाहेर. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? काहीच नाही. फ्लश व्यवस्थित होतो, वास नाही, तक्रार नाही. सिस्टीम मरत असते आणि आपण म्हणतो आमच्या टाकीला दहा वर्षांत हात लावायची वेळ आली नाही, किती भारी बांधलीय. आमचे बाबा हेच म्हणायचे, अकरा वर्षं म्हणत होते.

टाकीतून बाहेर पडलेलं पाणी जातं कुठे, तर जमिनीत. कुठे शोषखड्डा असतो, कुठे भोकं पाडलेले पाईप खडीच्या चरांमधे पसरलेले असतात, तत्त्व एकच. आणि खरं शुद्धीकरण इथे होतं, टाकीत नाही. मातीचे कण गाळणीसारखे जंतू अडवतात, मातीतले हवेवर जगणारे जीवाणू उरलेली घाण खातात, आणि खाली भूजलापर्यंत पोचेस्तोवर पाणी बरंच साफ होतं. बरंच म्हणतोय, सगळं नाही, नायट्रेट, म्हणजे मैल्यातल्या नायट्रोजनपासून होणारा क्षार, मातीत फारसं अडकत नाही, ते पाण्याबरोबर खाली जातं. म्हणूनच विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून लांब हवी, ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात पण १५ ते ३० मीटर हे अंतर बऱ्याच ठिकाणी धरतात, आणि उताराच्या वरच्या बाजूला असेल तर उत्तम. जवळपास विहीर असेल तर वर्षातून एकदा पाणी तपासून घ्या, जंतूंसाठी आणि नायट्रेटसाठी, दोन्ही. नायट्रेटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे आणि त्याचा धोका सगळ्यात जास्त वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असतो, कारण ते दूध ज्या पाण्यात कालवतात ते उकळलं तरी नायट्रेट जात नाही.

आता या मातीत गाळ आणि तेल गेलं की काय होतं? जिथून पाणी मातीत शिरतं तिथे एक काळा बुळबुळीत थर धरतो. थोडा थर प्रत्येकच ठिकाणी असतो आणि तो चांगला असतो, तोही जंतू अडवतो. पण वरून सारखं जाड पाणी यायला लागलं की तो इतका दाट होतो की पाणी मुरतच नाही. टाकी साफ करणं हे एका दुपारचं काम आहे, मातीतली बुजलेली बारीक छिद्रं मोकळी करणं जवळपास अशक्य आहे, बहुतेक वेळा नवीन जागा खणावी लागते. म्हणून मी आता असं समजतो की टाकीची देखभाल आपण टाकीसाठी करतच नाही, मातीसाठी करतो.

उपसा कधी करायचा? ठोकताळा आहे दर ३ ते ५ वर्षांनी, आणि तपासणी दर १ ते ३ वर्षांनी. लहान टाकी आणि भरलेलं घर असेल तर दर दोन वर्षांनीही लागू शकतो, मोठी टाकी आणि घरात दोघंच तर जास्त चालेल. पण अंदाजापेक्षा मोजणं सोपं आहे. एक लांब काठी घ्या, तिच्या खालच्या एक मीटरला पांढरा जुना टॉवेल गुंडाळून बांधा, टाकीच्या बाहेर जाण्याच्या बाजूचं झाकण उघडून काठी हळूच तळापर्यंत सोडा, शक्यतो त्या टीच्या आतून म्हणजे साय मधे येत नाही, दोन-चार मिनिटं थांबा आणि सावकाश वर काढा. गाळ असेल तिथपर्यंत टॉवेल काळा चिकट होतो, वरचा भाग नुसता ओला. तेवढी उंची मोजा. साय मोजायला दुसऱ्या काठीच्या टोकाला आडवी पट्टी ठोका, ती सायीतून खाली ढकला, मग वर ओढताना जिथे अडकते तो सायीचा तळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला आली की गाडी बोलवायची. अजून एक खूण, गाळाचा माथा बाहेर जाणाऱ्या टीच्या तोंडापासून फूटभराच्या आत आला किंवा सायीचा तळ त्याच्यापासून अर्ध्या फुटाच्या आत आला तरी वेळ झाली. हातमोजे घाला, उघड्या झाकणावर वाकून तोंड घालू नका, एकट्याने करू नका, नंतर हात साबणाने नीट धुवा आणि तो टॉवेल फेकून द्या, वाळत घालू नका (हे लिहावं लागतंय त्याला कारण आहे पण ते जाऊ द्या).

गाडी आली की बरेच लोक घरात निघून जातात, वास येतो म्हणून. तिथे थांबा. नुसतं वरचं पाणी ओढून गाडी भरली आणि गाळ तसाच खाली राहिला तर तुम्ही पाणी काढायचे पैसे दिलेत, कारण ते पाणी चार दिवसांत परत तेवढंच होणार आहे. मोठ्या झाकणातून पाईप घालून, गाळ पाण्याबरोबर ढवळून तळापर्यंत ओढायला सांगा, टाकीला दोन कप्पे असतील तर दोन्ही. थोडा गाळ बी म्हणून ठेवायचा असं खूप जण सांगतात, विरजणासारखं. गरज नाही. आपण रोज जे आत सोडतो त्यात जंतू भरपूर असतात. आतल्या भिंती घासून धुवायचीही गरज नाही. टाकी रिकामी असताना मात्र दोन्ही टी जागेवर आहेत का आणि भिंतीला तडा आहे का हे वरूनच टॉर्चने बघून घ्या. आणि गाडीवाल्याला विचारा की हे नेऊन कुठे ओतणार. शुद्धीकरण केंद्र सोडून दुसरं काही उत्तर आलं, नाला, शेत, मोकळी जागा, तर दुसरी गाडी बघा, कारण तो कच्चा मैला आहे आणि तो कुणाच्या तरी पाण्यात जाणार आहे.

जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना, म्हणजे भर पावसात किंवा पुरानंतर लगेच, टाकी पूर्ण रिकामी करू नका. रिकामी टाकी जमिनीतल्या पाण्यावर होडीसारखी उचलली जाऊ शकते, प्लास्टिकची आणि फायबरची तर नक्कीच, आणि मग पाईप तुटतात.

आता त्या टीची गोष्ट. आमच्याकडे तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी बाजूला उभा होतो. पाणी खाली जात होतं आणि अचानक बाहेर जाणाऱ्या पाईपातून पाणी उलटं टाकीत यायला लागलं, चांगलं मनगटाएवढ्या धारेने. गाडीवाले काका म्हणाले, "साहेब, टाकीत काही नाही, पुढचा खड्डा जाम आहे." आणि टॉर्च मारला तर बाहेरच्या पाईपाला टीच नव्हता. कधी तुटून पडला देव जाणे, किती वर्षं साय सरळ खड्ड्यात जात होती. आणि मधल्या काळात दोन वेळा गाडी बोलावून आम्ही खुश होत होतो की बरं झालं, पण झालं एवढंच की टाकी रिकामी केल्यामुळे पाणी साठायला काही दिवसांची जागा मिळायची आणि मधल्या काळात खड्ड्याला थोडी विश्रांती. दुखणं खड्ड्यात होतं आणि मलम आम्ही टाकीला लावत होतो.

यावरून निदान करायची एक सोपी पद्धत मिळते, ती पाठ करून ठेवा. पाणी तुंबलं की आधी बघायचं एकच ठिकाण तुंबलंय का सगळी. फक्त एक बेसिन हळू उतरत असेल तर त्या बेसिनच्या पाईपात केस किंवा चिकटा आहे, टाकीचा संबंध नाही. सगळीकडेच हळू असेल आणि संडासातून गुडगुड आवाज येत असेल तर टाकीचं झाकण उघडून पातळी बघा. पातळी बाहेरच्या पाईपाच्या तळाशी असेल, जशी असायला हवी तशी, तर टाकी बिचारी ठीक आहे, घर आणि टाकीच्या मधला पाईप तुंबलाय. पातळी बाहेरच्या पाईपाच्या वर असेल तर पाणी पुढे जात नाहीये, म्हणजे बाहेरचा पाईप, जाळी किंवा शोषखड्डा. आणि पातळी पाईपाच्या बरीच खाली असेल, नुकताच उपसा झालेला नसताना, तर टाकीला गळती आहे आणि कच्चं पाणी जमिनीत जातंय. तुंबण्याच्या दृष्टीने ही सगळ्यात सुखाची अवस्था, म्हणून लोक वर्षानुवर्षं तशीच ठेवतात, पण शेजारच्या विहिरीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. काही टाक्यांना बाहेरच्या टीमध्ये एक जाळीचा फिल्टर असतो, तो असेल तर सहा महिन्या-वर्षाने काढून टाकीच्याच तोंडावर पाण्याने धुवायचा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

शोषखड्ड्याच्या वरची जमीन कोरड्या दिवसांतही ओलसर राहते, तेवढ्याच पट्ट्यात गवत उगाच हिरवंगार दिसतं, वास येतो, तर समजा पाणी खाली जायच्या ऐवजी वर येतंय. तिथे मुलांना खेळू देऊ नका.

वास मात्र दर वेळी टाकीचा नसतो. पाहुण्यांच्या बाथरूममधे महिनोन्महिने कुणी जात नाही, तिथल्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं, आणि ते पाणीच वायू अडवत असतं. एक तांब्या पाणी ओता, वास बंद. याच्यासाठी मी लोकांना फरशा फोडताना बघितलंय. आणि टाकीच्या वर जो उंच व्हेंट पाईप असतो त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, डासांना सेप्टिक टाकीसारखं दुसरं बाळंतघर नाही, आणि ती जाळी फाटली का हे अधूनमधून बघत जा.

टाकीत काय जाऊ द्यायचं नाही याची यादी सगळ्यांनाच अर्धी माहीत असते. सॅनिटरी पॅड, डायपर, कंडोम, सिगारेटची थोटकं, दातांचा धागा, प्लास्टिक, हे कुजत नाही, संपलं. ओल्या वाईप्सच्या पाकिटावर फ्लश करता येतील असं लिहिलेलं असलं तरी घरी एक प्रयोग करा, एका बाटलीत पाण्यात टॉयलेट पेपर घाला, दुसरीत वाईप घाला, दोन्ही झाकण लावून दहा-वीस वेळा हलवा. कागदाचा लगदा होईल, वाईप तशीच राहील, उलट स्वच्छ दिसेल. तळणीचं तेल आणि चरबी गरम असताना पातळ असते म्हणून मोरीत सहज जाते, पण पुढे गार पाईपात आणि टाकीत थिजते, तीच ती साय. भांडी घासण्याआधी कागदाने पुसून घ्या, उरलेलं तेल डब्यात गोळा करून कचऱ्यात. चहा-कॉफीचा चोथा, अंड्याची टरफलं, हे पण नको. सिंकखाली अन्न वाटून सोडणारं यंत्र बसवलं असेल तर गाळ लक्षणीय वाढतो, उपसा लवकर करावा लागेल एवढं धरून चाला. रंग, थिनर, कीटकनाशकं आणि जुनी औषधं कधीच नाही, ती जंतू मारतात आणि वर मातीतून पाण्यात जातात.

फिनेल, ब्लीच, संडास साफ करायचं लिक्विड? यावर लोक टोकाची मतं मांडतात. आठवड्याला दोनदा संडास घासायला लागतं तेवढं चालतं, दोन हजार लिटरमधे ते विरळ होऊन जातं. पण तुंबलं म्हणून ॲसिडच्या बाटल्यांवर बाटल्या ओतणं हे आत्मघातकी, तळाच्या जंतूंचा कारभार बसतो, सिमेंट खाल्लं जातं, आणि ब्लीच आणि ॲसिड एकत्र झालं तर क्लोरीन वायू तयार होतो तो तुमच्याच बाथरूममधे.

आणि बाजारात मिळणाऱ्या त्या पुड्या, एन्झाइम, बॅक्टेरिया, कुणी सांगतं यीस्ट टाका. साधी गोष्ट आहे, जंतूंनी गच्च भरलेल्या टाकीत अजून चिमूटभर जंतू टाकून काय फरक पडणार. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सुद्धा घरगुती टाकीसाठी हे टाकायची गरज नाही असंच सांगते. काही रसायनं तर गाळ सुटा करतात, तो पाण्याबरोबर बाहेर जातो, टाकी रिकामी वाटते आणि माती बंद होते. "उपसा करायची गरजच नाही" असं ज्या डब्यावर लिहिलंय तो डबा दुकानातच राहू द्या.

घाणीइतकंच पाण्यानेही नुकसान होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टाकीत स्वच्छ पाणी गेलं तरी ते निवळत असलेलं पाणी ढकलून देतं आणि मातीवर भार टाकतं. फ्लशचा टँक गळत असेल, आवाज न करता, तर दिवसाला ७५० लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, म्हणजे आपल्या वरच्या हिशोबातल्या पाच माणसांपेक्षा जास्त. टँकमधे खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर टँकच्या तळाचं रबर बदला. सगळे कपडे एकाच दिवशी धुण्याऐवजी आठवडाभर पसरवा, आणि छताचं पावसाचं पाणी, अंगणाचं पाणी, एसीचं पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्याकडे वळवू नका. वॉशिंग मशीनच्या पाईपाला एक जाळीची पिशवी बांधली तर धागे अडतात, सिंथेटिक कपड्यांचे धागे कुजतच नाहीत.

शोषखड्ड्यावर किंवा चरांवर गाडी उभी करायची नाही, फरशी घालायची नाही, शेड मारायची नाही. मातीतले जीवाणू हवेवर जगतात, वरून काँक्रीट टाकलं की त्यांचा श्वास बंद, आणि गाडीच्या वजनाने माती दबते, पाईप फुटतो. गवत लावा, बस. मोठं झाड नको, मुळांना पाण्याचा आणि खताचा वास लागतो म्हणा ना, ती पाईपाच्या सांध्यातून आत शिरतात आणि आत झाडू तयार होतो. खड्डा जाम झालाच असेल तर कधीकधी त्याला पूर्ण विश्रांती दिली, पाणी दुसऱ्या खड्ड्याकडे वळवून काही महिने कोरडा ठेवला, तर हवा लागून तो काळा थर थोडाफार सुटतो. आम्ही शेवटी तेच केलं, नवीन खड्डा खणला आणि मधे वळवायचा चेंबर ठेवला, आता जुना विश्रांतीवर आहे, बघू.

एक गोष्ट मात्र हलक्यात घ्यायची नाही. टाकीत कुणीही उतरायचं नाही, तुम्ही नाही, प्लंबर नाही, रोजावर आणलेला माणूस तर अजिबात नाही, टाकी रिकामी असली तरीही नाही. आत हायड्रोजन सल्फाईड असतो, हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण दशलक्ष भागांत १०० च्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणून माणसाला वाटतं वायू गेला, आणि तिथेच घात होतो. त्याहून कितीतरी जास्त प्रमाण असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. मग वरचा दुसरा माणूस काढायला उतरतो आणि तोही जातो, हे परत परत घडतं. कुणी पडलंच तर आत उडी मारू नका, अग्निशमन दलाला बोलवा. आत मिथेनही असतो, हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने पेटतो, म्हणून झाकणाजवळ काडी, बिडी, कंदील काही नाही, टॉर्च वापरा. आणि झाकण जड, न तुटलेलं, पोराला उचलता येणार नाही असं हवं. तडा गेलेलं झाकण "बघू पुढच्या महिन्यात" यात मोडत नाही, ते आजच.

शेवटचं काम कागद-पेन्सिलचं. आमच्या टाकीचं झाकण अंगणाच्या फरशीखाली गेलं होतं, शोधायला दीड दिवस आणि नऊ फरशा गेल्या. तर घराचे दोन कोपरे धरा, प्रत्येक कोपऱ्यापासून झाकणाच्या मध्यापर्यंत टेप लावून अंतर मोजा, दोन आकडे आले की जागा पक्की. तसंच शोषखड्ड्याचं. त्याच कागदावर टाकीचं माप, कप्पे किती, शेवटचा उपसा कधी, गाळ किती इंच होता, टी बदलला ती तारीख. आमचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलाय, त्यावर सगळ्यात खाली बाबांनी स्वतःच्या हाताने पुढच्या तपासणीचा महिना लिहून ठेवलाय आणि दर वेळी मीटर बघताना मला त्याची आठवण करून देतात.